मळा उघडायची घंटा

आमच्या गावात एक नियम आहे, आणि तो ज्यानं केला तो माणूस मला कधी भेटला असता तर त्याला चार शब्द सुनावले असते. द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरायला लागलं की मळा बंद. बंद म्हणजे बंद. टेकडीच्या अख्ख्या उतारावर सगळ्या गावाच्या वेली, भोवती कुंपण, कुंपणाला एकच फाटक, आणि त्या फाटकाला काटेरी फांद्या. मग ज्याची वेल त्यालासुद्धा आत पाऊल टाकायची सोय नाही. द्राक्षं पिकली की कारभारी दिवस ठरवतो, चर्चची घंटा वाजते, आणि ती वाजली की सगळ्यांनी एकदमच आत शिरायचं. का, ते उघड आहे. एकट्याला आत सोडला तर तो स्वतःचं सोडून आधी शेजाऱ्याचं तोडेल. आम्ही हाल्डेनबाखची माणसं एकमेकांना चांगली ओळखून आहोत.

मळ्याचे राखणदार होते माझे सासरे, वेंडेल. मळा बंद असेतोवर राखणदारानं वरच्या खोपीतच राहायचं, खाली गावात उतरायचं नाही. भाकरतुकडा आम्ही फाटकाशी नेऊन द्यायचा. दिवसभर लाकडी खडखडा फिरवून भोरड्या पाखरांचे थवे हाकलायचे. आणि घंटा वाजेपर्यंत दाढीला वस्तरा लावायचा नाही, अशी शपथच असते. त्यामुळे उघडायच्या दिवसापर्यंत मामंजींचं तोंड म्हणजे मेंढरू झालेलं असायचं.

उघडायच्या दिवशी मग एक गंमत व्हायची. घंटा वाजली की माझा नवरा योस्ट बापाला फाटकाशी उलट्या घातलेल्या लाकडी टोपावर बसवायचा आणि सगळ्या गावादेखत त्यांची दाढी करायचा. योस्ट बैल हाकण्यात पटाईत होता, पण दाढीला त्याचा हात अगदीच वाईट. कुठे ना कुठे कापायचाच. मग मामंजी ओरडायचे, "गाढवा, बाप आहे मी तुझा, डुक्कर नाही!" त्यावर गाव खो खो हसायचं, आणि मगच सगळे पाट्या घेऊन आत शिरायचे. ती ओरड ऐकल्याशिवाय तोडणी सुरू झाली असं कुणाला वाटायचंच नाही.

नियमाला फटी दोनच. वाटसरूला तीन घड तोडून खाता येतात, तेही उभ्याउभ्या. खिशात घालायचे नाहीत. आणि पोटुशी बाई डोहाळे लागले म्हणून फाटकाशी आली, तर राखणदारानं तिला आत घ्यायचं आणि मागेल ते द्यायचं. सोळाशे एकोणनव्वद साली मी पोटुशी होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या वर्षी फ्रान्सच्या राजाची फौज राइन नदीच्या पलीकडची शहरं एकामागून एक जाळत चालली होती. लढाईत जळतात तशी नव्हे हो. हुकूम काढून, दिवस सांगून, घराघरात पेंढा भरून. आपल्या सरहद्दीपुढे शत्रूला ना छप्पर मिळावं ना दाणा, असा काहीतरी तिकडच्या शहाण्यांचा बेत होता. नदीच्या अलीकडे आपल्याला काय त्याचं, असं आम्ही म्हणत होतो, तोवर उन्हाळा सरता सरता फौज नदी उतरून अलीकडे आली. आमचा मळा नुकताच बंद झाला होता.

गावाला पहिली काळजी पडली घंटेची. तोफखाना ज्या गावात शिरतो त्या गावची घंटा तोफखान्याची, ही लढाईतली रीतच आहे. उतरवायची, वितळवायची आणि तोफ ओतायची. आमचा कारभारी क्रिस्टमान माणूस भला, पण एकच गोष्ट चारदा सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि चारदा सांगितलं की घंटा पुरून टाकायची. कुठे, ते एकाच माणसाला माहीत हवं. बाकीच्यांना माहीतच नसलं, तर मारहाण करून कोण काय वदवून घेणार?

हे सगळ्यांना फार हुशारीचं वाटलं. मलाही वाटलं. गाडी आणि बैल आमचे, म्हणून काम योस्टकडे आलं. चौघांनी मिळून दोरांनी घंटा खाली घेतली, कशीबशी गाडीवर चढवली, वर शेणखताचा ढीग घातला, आणि योस्ट धुक्यात गाडी हाकत एकटा निघून गेला. दुपारी परत आला तो कोपरापर्यंत मातीनं भरलेला.

"कुठे रे?" मी विचारलं.

"प्लोने, विचारू नकोस बाई. तू विचारलंस की मी सांगून टाकतो." आणि हसत हात धुवायला गेला. माझं नाव आपोलोनिया, पण तो मला प्लोनीच म्हणायचा.

दोनतीन दिवसांत फ्रेंच आले. आले ते काही आरडाओरडा करत नव्हे. एक अधिकारी, एक आल्सासकडचा दुभाषा, आणि मागे धुळीनं माखलेले, दमलेले शिपाई. आधी हुकूम आला, फौजेचं सामान वाहायला गावातल्या गाड्या, बैल आणि हाकणारे हवेत. गावात धड गाडी एकच होती. योस्टनं बैल जुंपले. मी पोटाशी हात धरून उभी होते.

"तोंड कशाला पाडतेस?" तो म्हणाला. "चार मुक्काम लांब नेतील नि सोडतील. मळा उघडायच्या आत येतो. नाहीतर म्हाताऱ्याची दाढी कोण करणार?"

मग गाव रिकामं करायचा हुकूम आला. सकाळपासून दुपारपर्यंत वेळ दिला होता, तेवढी माणुसकी होती म्हणायची. गायी आणि पोरंबाळं घेऊन आम्ही रानात गेलो. मी बरोबर काय घेतलं? एक घोंगडी, एक पातेलं आणि योस्टचा वस्तरा. वस्तरा का घेतला, देव जाणे. समोर खुंटीला होता, हाताला आला. मागे धूर उठला. मी त्याबद्दल फार बोलत नाही. ज्यानं आपलं घर जळताना पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं पाहिलं नाही त्यानं तसंच सुखात राहावं.

फौज पुढे गेली तसे आम्ही परत आलो. घरं गेली होती, पण खालची तळघरं दगडी, ती शाबूत होती. पिंपं मात्र फोडलेली. सगळ्या तळघराला आंबूस वास आणि जमीन पायाला चिकटणारी. वर फळ्या टाकून, पेंढा पसरून आम्ही तिथेच संसार थाटला. आमच्या तळघरात मी, माझी शेजारीण सिबिला आणि तिचा पिंपं करणारा नवरा. खायला सलगम, रानातली अळंबी आणि लपवलेल्या पिठाचा काळा पाव, तोही बोटभर. त्या दिवसांत भांडणंही हळू आवाजात व्हायची, कारण एका तळघरातलं दुसऱ्यात ऐकू जायचं.

आणि मळा? मळ्याला धक्का नव्हता. हिरवी वेल जळत नाही. पहिल्याच सकाळी राखेत उभं राहून वर पाहिलं, तर टेकडीवरून आवाज येत होता. खड, खड, खड.

"ऐक गं!" सिबिला म्हणाली. "गाव जळून कोळसा झालं नि तुझा सासरा भोरड्या हाकलतोय!"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्याच पावली मी वर गेले.

फाटकाशी उभी राहून मी हाक मारली. मामंजी काठी टेकत आले. दाढी छातीवर, डोळे लाल, पण ताठ.

"डोहाळे लागलेत?" त्यांनी विचारलं.

"लागलेत."

"मग ये." त्यांनी काटेरी फांदी बाजूला केली, मला आत घेतलं आणि फांदी पुन्हा जागच्या जागी लावली. घर जळलं, मुलगा नेला, तरी हा माणूस विचारतो काय तर डोहाळे लागलेत का! खोपीशी बसवून त्यांनी मला ओंजळभर घड दिले. अजून आंबटच होते. मी खाल्ले.

"फ्रेंच इथे आले होते?" मी विचारलं.

"आले होते ना. दहाबारा जण. मी सांगितलं, वाटसरूला तीन घड, उभ्यानं. त्या दुभाष्यानं त्यांना सांगितलं की नाही कोण जाणे, सगळे हसले." मामंजींचा आवाज चढला. "बसून खाल्ले गं! माझ्यादेखत, ओळीत मांडी ठोकून! एक वेल मोडली मेल्यांनी. त्यातला एक पोरगेला शिपाई मागे राहिला. तलवार मातीत खुपसली, वाळुंजाची काडी घेतली, आणि मोडलेली वेल बांधली. नीट बांधली, आपण बांधतो तशी. द्राक्षवाल्या घरचा असणार. माझ्याकडे बघून मान हलवली नि गेला." मग म्हणाले, "त्याचा मळा तिकडे कोण राखत असेल?"

योस्टचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. उठताना खोपीच्या बाजूच्या काही वेली पिवळ्या पडलेल्या दिसल्या. बाकी सगळा मळा हिरवागार आणि तेवढ्याच माना टाकलेल्या.

"यांना काय झालं?"

"हुमणी लागली, मुळं खातेय," ते म्हणाले आणि खडखडा उचलून चालू पडले.

आमची चूक आमच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी सिबिला सलगम चावता चावता थांबली. "अगं बाई," ती म्हणाली, "पण मळा उघडायचा कसा?"

मळा उघडायचा तर घंटा हवी, घंटा हवी तर योस्ट हवा. आणि योस्ट बैलांसकट फ्रेंचांनी नेलेला. इतक्या डोक्यांपैकी एकाही डोक्यात हे आधी आलं नव्हतं. घंटा वाचवायची एवढंच सुचलं, ती परत कशी मिळवायची हे सुचलं नाही. अशी अक्कल पाजळावी तर आम्हीच!

मग शोधाशोध सुरू झाली. स्मशान उकरलं, गिरणीमागचं कुरण उकरलं, सगळे उकिरडे उपसले. एक मेलेला कुत्रा आणि कुणाची तरी लपवलेली कढई सापडली. कढईवरून दोन घरांत भांडण झालं, ते निराळंच.

द्राक्षं पिकली. मग जास्त पिकली. गांधीलमाश्या घोंघावायला लागल्या. सकाळचं धुकं दुपारपर्यंत उठेना. वर्षाचं सगळं त्या टेकडीवर होतं. ती द्राक्षं तोडून रस काढला तर पलीकडच्या डोंगरातल्या गावांकडून, जी जळली नव्हती, त्याच्या बदल्यात धान्य मिळालं असतं. नाहीतर हिवाळा कशावर काढायचा?

क्रिस्टमाननं त्याच्या तळघरात सगळ्यांना बोलावलं. "घंटा नाही तर शिंग फुंकू," तो म्हणाला.

"शिंग तर गुराखी रोज फुंकतो."

"मग तवा बडवू. झाडाला टांगून."

"वा!" सिबिला म्हणाली. "मग मी नवऱ्याला जेवायला हाक मारताना तवा बडवते तेव्हाही मळा उघडायचा का?"

कुणी म्हणालं हाक मारू, कुणी म्हणालं घरोघर निरोप देऊ. त्यावर लगेच दुसरा, की ज्याला निरोप शेवटी मिळेल त्याची द्राक्षं तोवर राहतील का? उपाशी माणसं होती. तोंडानं कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाला वाटत होतं की शेजारी आधी शिरेल. घंटेला सगळे मानायचे, कारण ती कुणाची पाहुणी नव्हती की सोयरी नव्हती. तरी क्रिस्टमान वर जाऊन मामंजींना विचारून आला. मामंजींनी फाटकातूनच उत्तर दिलं, "घंटा वाजली की उघडीन. तव्यासाठी शपथ घेतली नव्हती."

मग सिबिलाचा नवरा हळूच म्हणाला, "घंटा पुरली की विकली, कुणी पाहिलंय? फ्रेंचांबरोबर गेला तो गेलाच. खुशीतही असेल तिकडे."

मी उठले. माझ्या हातात काही नव्हतं, नाहीतर त्याच्या डोक्यात घातलं असतं. "माझ्या नवऱ्याला चोर म्हणतोस? तळघर माझं आहे, उद्यापासून दुसरीकडे झोपायचं!" सिबिलानंही त्याला कोपर मारलं. पण कुणी 'असं बोलू नये' म्हणून पुढे आलं नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं. शेवटी ठरलं की सोमवारी फाटक मोडायचं. ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं.

"वेंडेल आडवा आला तर?" कुणीतरी विचारलं.

क्रिस्टमान माझ्याकडे बघून म्हणाला, "आपोलोनिया, तुला तो आत घेतो. तू समजाव त्याला. म्हातारा माणूस, उगाच ढकलाढकलीत पडायचा. समजाव गं, एवढं समजाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. धुकं होतं. मामंजींनी मला आत घेतलं, घड दिले. आता गोड होते, इतके की बोटं चिकटत होती. निम्म्या मण्यांना भेगा पडल्या होत्या.

"सोमवारी फाटक मोडणार आहेत," मी सांगितलं.

"येऊ देत."

"तुम्ही काय करणार?"

"आडवा पडेन."

मी त्या पिवळ्या वेलींकडे बघत बसले. आता त्या पार वाळल्या होत्या. माझं माहेर द्राक्षवाल्यांचंच. हुमणी लागलेल्या वेली मी लहानपणापासून पाहिल्यात. हुमणी लागली की एक वेल इथे मरते, एक तिथे. या वेली मात्र एका चौकोनाच्या कडेनं वाळल्या होत्या. मुळं कुदळीनं तोडल्यासारख्या. आणि मधली माती बसलेली, तिच्यावर मामंजींची घोंगडी अंथरलेली. खोप सोडून हा माणूस उघड्यावर झोपत होता.

मग मला आठवलं, घंटा गाडीवर चढवायला चौघं लागली होती.

"मामंजी," मी म्हणाले, "घंटा गाडीवरून उतरवली कुणी?"

त्यांनी एक पान तोडलं, त्याचे तुकडे केले. "दोघांनी," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हाला माहीत होतं! खाली माझ्या नवऱ्याला चोर म्हणतायत, घंटा विकून फ्रेंचांना मिळाला म्हणतायत, आणि तुम्ही इथे तिच्यावर बसलायत, अंड्यावर कोंबडी बसावी तसे! लाज नाही वाटत?"

"वाटते," ते म्हणाले.

ते कधी असं बोलत नसत.

"बंद मळ्याचं फाटक मी उघडलं त्याच्यासाठी. बापाच्या वेळेपासून राखतोय, कधी उघडलं नव्हतं. तो म्हणाला, बाबा, इथे कुणी शोधणार नाही. फ्रेंचही नाहीत नि आपलेही नाहीत. मळा बंद म्हटल्यावर आपल्या माणसांच्या मनातसुद्धा यायचं नाही. आणि खरंच नाही आलं बघ कुणाच्या." त्यांना जरा हसू आलं, लगेच गेलं. "म्हणाला, मी येईपर्यंत कुणाला सांगू नका. आलो की दोघं मिळून काढू."

"आणि तो आला नाही."

"आला नाही कसा म्हणतेस? अजून मळा कुठे उघडलाय? उघडायच्या आत येतो म्हणाला ना तुला? मग मी उघडला नाही, तर त्याची वेळ अजून गेलेली नाही. घंटा वाजली की गेली. त्याच्याशिवाय मळा उघडला म्हणजे तो येणार नाही हे मीच, त्याच्या बापानं, सगळ्यांना ओरडून सांगितल्यासारखं. मला ते जमत नाही गं पोरी. नाही जमत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्याजवळ घोंगडीवर बसले आणि आम्ही दोघं रडलो. लाज कसली त्यात. वर भोरड्यांचा थवा उतरला तरी त्यांनी खडखडा उचलला नाही.

मग मी तोंड पुसलं. "मामंजी, तो यावा असं मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतं. पण द्राक्षं थांबायची नाहीत. हेही थांबायचं नाही." मी पोटावर हात ठेवला. "हिवाळ्यात याला काय घालू? तुमची शपथ?"

"आणि घंटा वाजूनही तो नाही आला तर?"

"तर नाही आला. तुमच्या बसण्यानं यायचा असता तर एव्हाना आला असता. वाजवा. जवळपास कुठे असेल तर ऐकेल तरी."

ते उठले, घोंगडीची घडी केली आणि खोपीतून कुदळ आणली. "खाली जा. क्रिस्टमानला सांग, माणसं आणि दोर घेऊन ये." मी निघाले तशी मागून हाक आली, "पण कुंपणाबाहेर थांबायला सांग. मळा अजून बंद आहे!"

आणि तसंच झालं. सांगितलं तर बाहेरगावचे लोक विश्वास ठेवत नाहीत. अख्खं गाव कुंपणाबाहेर उभं, आत खणतोय एक म्हातारा, आणि त्याच्या मदतीला अवघडलेली बाई, कारण आत जायची मुभा आम्हा दोघांनाच. बाहेरून सल्ल्यांचा पाऊस. "डावीकडून खण, वेंडेल!" "अरे, पहार घाल पहार!" मामंजी ओरडले, "खणताय तुम्ही की मी? गप बसा!" घंटेचा काठ दिसला तसे सगळे खरंच गप्प झाले. मी घंटेच्या कानात दोर ओवला, दुसरं टोक फाटकातून बाहेर फेकलं, फळ्या टाकल्या, आणि बाहेरच्यांनी ओढत ओढत घंटा फाटकाबाहेर काढली. एकाचाही पाय आत पडला नाही.

सिबिलाचा नवरा दोर सोडून माझ्यासमोर आला, काही बोलायला गेला, पण त्याला जमलं नाही. सिबिलानंच पदरच्या पावातला मोठा तुकडा माझ्या हातात कोंबला. "खा. नि त्याला बोलू दे नंतर, रात्रभर घोकलंय त्यानं," ती म्हणाली. मी खाल्ला.

घंटा फाटकासमोरच्या अक्रोडाला टांगली. माती पुसली. लोलकाचा दोर क्रिस्टमाननं मामंजींच्या हातात दिला, आणि या खेपेस तो एकदाही काही बोलला नाही.

मामंजींनी घंटा वाजवली. नेहमी वाजते त्याच्या कितीतरी जास्त वेळ वाजवली. दरीत आवाज घुमत होता. कुणी त्यांना थांबवलं नाही. पाट्या हातात, कोयते कमरेला, समोर फाटक, पण एकही माणूस मळ्याकडे बघत नव्हता. सगळे खालच्या रस्त्याकडे बघत होते. जळक्या भिंतींमधून तो रस्ता नदीकडे जातो. रस्त्यावर कुणी नव्हतं.

शेवटी त्यांचे हात थकले. दोर सोडला. सवयीनं चालत आले आणि उलट्या टोपावर येऊन बसले, मान वर करून, डोळे मिटून. तेव्हा सगळ्यांना कळलं की आता दाढी करायची आहे आणि करणारा नाही.

मी वस्तरा काढला. पाणी आणायला सांगितलं. माझा हात हलका आहे, माहेरी आजारी आजोबांची दाढी मीच करायची. सावकाश, गालावरून, हनुवटीखालून, गळ्यावरून सगळं साफ केलं. एवढा जमाव, पण वस्तऱ्याचा आवाज ऐकू येत होता. सगळे त्या ओरडण्याची वाट बघत होते, आणि मामंजीही बघत असावेत. माझं काम संपलं.

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली.

"कुठेच कापलं नाहीस गं पोरी," ते म्हणाले, आणि टोपावर बसल्याबसल्या हुंदके देऊन रडायला लागले. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. क्रिस्टमाननं टोपी काढली. मग एकेक करून लोक आमच्या बाजूनं, हळू पायांनी, मळ्यात गेले.

निम्मी द्राक्षं सडली होती, निम्मी हाती लागली. त्या निम्म्यावर हिवाळा निघाला. थंडी भरात असताना तळघरात मला मुलगी झाली. योस्ट आला नाही. कुणी म्हणे गाड्या पार नदीपलीकडे नेल्या, कुणी म्हणे छावणीत तापाची साथ आली होती. मी पुष्कळ वर्षं विचारत राहिले, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, आणि मग विचारायचं सोडलं.

पण त्याच्या पुढच्या वर्षी मळा पुन्हा बंद झाला, मामंजी पुन्हा खोपीत गेले, आणि घंटा वाजली तेव्हा पुन्हा टोपावर येऊन बसले. मुलगी सिबिलाच्या कडेवर होती. गाव आधीच गप्प झालं होतं. मी वस्तरा लावला, निम्मी दाढी नीट केली, आणि कानाखाली आल्यावर पातं जरासं तिरपं धरलं, मुद्दाम. बारीकसं रक्त आलं.

मामंजींनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं, मला माहीत आहे की कळलं.

"गाढवे!" ते सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असे ओरडले. "बाप आहे मी तुझा, डुक्कर नाही!"

आणि लोक हसत हसत मळ्यात शिरले.